ओव्हाळांच्या गाडीचं बूड

कर्जत स्टेशनच्या पार्सल ऑफिसातले कमळाकर ओव्हाळ हे सरळ गृहस्थ होते आणि त्यांची गाडी वाकडी होती. एवढ्याला ते राहत त्या भिसेगावात कोणी नावं ठेवली नसती. वाकड्या वस्तू तिथं घरटी एक तरी होती. पण ही गाडी वाकडी होती ती मागच्या बाजूनं आणि खालच्या अंगाला. तिचे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, इतके दमले होते की बूड रस्त्याला टेकायला आलं होतं आणि नाक वर गेलं होतं. शेजारच्या घरात दूध करपलं की माणूस मान वर करून वास घेतो, तशी ती सदा उभी असायची. दिवे लावले तर रस्ता दिसत नसे. आंब्यावरच्या कैऱ्या मात्र स्वच्छ दिसत.

गाडी कोणत्या कंपनीची हे सांगता येत नाही, कारण बॉनेटवरची पितळी अक्षरं एकेक करून गळाली होती. विलायती होती एवढं नक्की. नेरळच्या एका पारशी म्हातारबाबांनी ती ओव्हाळांच्या गळ्यात कशी बांधली, तो इतिहास सांगत बसलं तर खालापूर राहून जाईल. आणि आपल्याला खालापूरलाच जायचं आहे, कारण ओव्हाळांच्या सोमीचं लग्न तिथं अडलं होतं.

सोमी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होती. तिथंच खालापूरच्या रोकड्यांचा चंदर होता. दोघांचं आपसात जमलेलं होतं आणि हे स्थळ आपणच शोधून काढलं, असा आव दोन्ही घरांनी आणला होता. मुलगा चांगला, घर आपल्यातलं, सगळं योग्य. अडचण एकच. चंदरचे वडील सखाराम रोकडे हे पुरवठा खात्यात निरीक्षक होते आणि हमरस्त्यावर, खालापूरच्या अलीकडे, तांदळाच्या नाक्यावर बसत.

त्या वर्षांत तांदळावर बंदी होती. इकडचा तांदूळ परवान्याशिवाय बाहेर न्यायचा नाही, असा सक्त हुकूम होता, आणि त्यामुळे तो रोज मुंबईला जात असे. तो पकडण्यासाठी नाका होता. नाक्याला एक आडवा बांबू होता, बांबूला एक शिपाई होता आणि शिपायाला रोकडे होते. रोकडे हे कडक आणि स्वच्छ हाताचे अधिकारी. त्यांचा एक सिद्धांत होता. माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, पण मोटारीचं बूड खोटं बोलत नाही. ज्या गाडीचं बूड बसलंय तिच्यात तांदूळ आहे, जी सरळ चाललीय ती रिकामी आहे. या सिद्धांतावर त्यांनी इतकी वर्षं नाका चालवला होता.

आता ओव्हाळांच्या गाडीचं काय होत असेल ते सांगायला नको. कमळाकर खालापूरला निघाले की शिपाई लांबूनच बांबू आडवा करी. डिकी उघडली जाई. आत एक स्टेपनी, एक छत्री आणि चंद्राबाईंनी, म्हणजे ओव्हाळांच्या मंडळींनी, ‘असू दे’ म्हणून ठेवलेली जुनी सतरंजी. रोकडे स्वतः उठून येत, सतरंजीचं टोक उचलून पाहत आणि पाठ वळवता वळवता म्हणत, “आज काही नाही.”

दुसरा कोणी असता तर ‘काही नाही’ एवढं ऐकून निघाला असता. कमळाकरांनी ‘आज’ ऐकला. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या आंब्यांच्या करंड्यांशेजारी बसला होता. त्यानं फक्त वास घेतला होता आणि त्याबद्दलही स्वतःला दोष दिला होता. त्याला आज काही नाही! त्या ‘आज’नं त्यांना आठवडाभर जेवण गेलं नाही.

त्यात रोकड्यांचा निरोप आला. “मुलगी पसंत आहे. घर पसंत आहे. साखरपुडा आमच्याकडे करू, आमच्या खात्यातली मंडळी येतील. तुम्ही गाडीनं या, आजींनाही आणा. पण ओव्हाळसाहेब, त्या दिवशी माझ्या माणसांसमोर माझ्याच व्याह्यांची डिकी उघडायची पाळी आली, तर मला पुढचं काही जमणार नाही.”

सोमीनं निरोप ऐकला आणि ती आत जाऊन उगाच तांदूळ निवडत बसली. तिचे डोळे बघून कमळाकरांनी मनाशी ठरवलं, गाडी सरळ करायची.

भिसेगावात एखाद्यानं काही ठरवलं की ते त्याचं एकट्याचं राहत नाही. सगळ्यांत आधी आला शेजारचा कोंडाजी. कोंडाजीची भाताची शेती होती आणि मोटारीबद्दलची त्याची मतं बैलगाडीवरून तयार झालेली होती. गाडीभोवती फिरून त्यानं बुडाला थोपटलं.

“बाबू, मागं कोन बसवूच नका. समदी पुढं बसवा.”

“पुढं दोनच जागा आहेत, कोंडाजी.”

“मंग दोघांनीच जावा.”

नागू फायरमन रिटायर झाल्यापासून रोज दुपारी सल्ला द्यायला मोकळा होता. पाटे काढून उलटे बसवा, असं त्याचं म्हणणं पडलं. इंजिनाला असं करतात का, असं विचारल्यावर तो म्हणाला, इंजिनाला करत नाहीत, म्हणून तर त्याला रूळ लागतात. कोणी म्हणालं, मधे विटा घाला. कोणी म्हणालं, नेहमी चढावर उभी करा, म्हणजे आपोआप सरळ दिसेल. कमळाकरांची आई पारूबाई ओट्यावरून हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “येवढी मानसं बोलतात त्यापरीस येवढ्यांनी उचलून धरली आसती तर गाडी सरळ झाली आसती रं.”

शेवटी गाडी गेली कुंभिवलीला. हमरस्त्याच्या कडेला तिथं मालोजी पाटेवाल्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, एक भट्टी आणि बाहेर पाट्यांचे ढीग. मालोजी ट्रकचा माणूस. त्याच्या बोलण्यात नम्रपणा औषधालाही नव्हता. मुंबईपासून पुण्यापर्यंत आपल्या हाताचा पाटा मोडलेला दाखवा, असं तो गिऱ्हाईक आल्या आल्या सांगून टाकी.

त्यानं गाडीचे जुने पाटे काढून जमिनीवर आपटले. मधला आधीच मोडलेला होता, बाकीचे झिजून पापडासारखे झाले होते. “ह्ये पाटं न्हाईत सायेब,” तो म्हणाला, “ह्या पाट्यांच्या आठवनी हायत.” या गाडीचे नवे पाटे मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिची कंपनी कोणती हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मालोजीनं ट्रकचे पाटे कापले, भट्टीत लाल केले आणि घणानं ठोकून त्यांना कमान दिली.

शेडीत आणखी दोन-तीन गाड्या उभ्या होत्या. चकचकीत, महागड्या, आणि सगळ्यांची बुडं वर. एका गाडीचा मालक पांढऱ्या सफारीत, काळा चष्मा लावून उसाचा रस पीत होता. त्यानं कमळाकरांकडे आपुलकीनं पाहिलं.

“नवीन दिसता या लाइनीत.”

“हो,” कमळाकर म्हणाले. त्यांना वाटलं, गाडी दुरुस्तीच्या.

“कुठपर्यंत जाता?”

“खालापूरच. मुलीचा साखरपुडा आहे.”

सफारीवाला रसाचा ग्लास खाली ठेवून हसला. “हे निमित्त चांगलं आहे,” तो म्हणाला. “हे आम्हाला नाही सुचलं.” कमळाकरांना माणूस थोडा आगाऊ वाटला, पण मनानं चांगला.

साखरपुड्याचं कानावर पडल्यावर मालोजीचंही मन भरून आलं आणि त्यानं दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा आपल्याकडून घातला. मग जॅक काढला. गाडी खाली आली नाही. जॅक बाजूला नेऊन ठेवला तरी ती तशीच, बूड आभाळाला आणि नाक जमिनीला. सासरी पहिल्यांदा आलेली सून वाकलेली असते आणि तिला ऊठ म्हणायला सगळे विसरलेले असतात, तसा प्रकार.

“ही अशी काय उभी राहिली?”

“भरली की बसंल.”

“भरायची कशानं?”

मालोजीनं त्यांच्याकडे जरा विचित्रच पाहिलं. “सायेब, गाडी रिकामी कोन चालवतंय?”

कमळाकरांनी यावर वाद घातला नाही. ट्रकचा माणूस, त्याला बिचाऱ्याला काय कळणार, असं म्हणून ते गाडीत बसले आणि लगेच सीटवरून घसरून स्टिअरिंगला चिकटले. भिसेगावपर्यंत त्यांनी ती गाडी मुख्यतः पायांनी स्वतःला मागे रेटत आणली.

घरी आल्यावर पारूबाईंना बसवून पाहायचं ठरलं. त्यांचे गुडघे धरलेले होते. आधीच्या बसक्या गाडीत त्या पाटावर बसल्यासारख्या बसत. आता मागचं दार त्यांच्या कमरेला आलं. आधी स्टूल आणलं, मग स्टुलावर पाट ठेवला, मग चंद्राबाईंनी खालून आणि सोमीनं आतून धरलं.

“माचीवरच्या करवंदाला चढले न्हवते येवढी,” पारूबाई म्हणाल्या. “मला आता कडंवर घेऊनच बसव रं कमळ्या.”

बसल्या एकदाच्या आणि चाचणी म्हणून गाडी पळसदरीपर्यंत नेली. जुने पाटे खड्डा आला की कण्हत. हे नवे पाटे खड्डा माणसाकडे पाठवून देत. रेल्वेच्या फाटकावर मागची चाकं उडाली, त्यांच्याबरोबर पारूबाई उडाल्या आणि त्यांची कवळी मात्र पुन्हा गाडीत आली नाही. ती खिडकीतून शेतात गेली. सगळं कुटुंब उन्हात ढेकळांतून कवळी शोधत हिंडलं. शेवटी बकऱ्या राखणारी एक ठकूबाई पळसाच्या पानावर ती घेऊन आली आणि म्हणाली, “ह्ये कुनाचं हसू सांडलंय?” पारूबाईंनी ते धुऊन घेतलं आणि घरी पोचेपर्यंत कनवटीला बांधून ठेवलं.

येताना हवालदारानं अडवलं. तो गाडीच्या मागं जाऊन बराच वेळ उभा राहिला.

“पार्सलबाबू, ही नंबरपाटी कोणी वाचायची?”

“का?”

“पूर्वी ती खड्ड्यांना दिसायची. आता घारींना दिसते.” गाडीच्या ठेवणीत फरक केल्याचा रीतसर अर्ज करावा लागेल, असं त्यानं सुचवलं. कमळाकर रीतीचे पक्के. त्यांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहून नेला. पोलीस चौकी म्हणाली, मामलेदार कचेरीत द्या. मामलेदार कचेरीनं तो उलटसुलट वाचला आणि विचारलं, गाडीची उंची वाढली म्हणता, तर घरपट्टीला काही लागू होतं का? ते कोणालाच सांगता येईना, म्हणून अर्ज ठेवून घेण्यात आला. तो अजूनही तिथं असेल.

साखरपुडा तोंडावर आला होता. जादा पाटे काढून घ्यावेत म्हणून कमळाकरांनी कुंभिवलीला निरोप धाडला, तर मालोजी गावच्या जत्रेला गेलेला, शेड बंद. म्हणजे गाडी खाली आणायची ती आपणच. रोकडे बसलेल्या बुडाचा संशय घेतात, पण अशा ताठ उभ्या बुडाकडे पाहून त्यांना काय वाटेल, याचा भरवसा देता येत नव्हता. शिवाय आईला स्टुलावर पाट ठेवून वर चढवायचं, हे साखरपुड्याच्या दिवशी बरं दिसलं नसतं.

मालोजी म्हणाला होता, भरली की बसेल. तेव्हा भरायची ठरली. घरातल्या तिघी बायका मागे बसवून पाहिल्या, गाडी तसूभर हलली नाही. परसातले दगड डिकीत रचले. डिकीचा तळ गंजलेला होता, त्यातून सगळ्यांत मोठा दगड वाण्याच्या दारात पडला आणि वाण्यानं तो परत दिला नाही. मग नदीची वाळू ओतली. गाडी कशी छान बसली. कमळाकरांनी टपावर काठोकाठ भरलेली परात ठेवली, पाण्याचा थेंब सांडला नाही. खूश होऊन ते बाजारापर्यंत एक फेरी मारून आले. येईपर्यंत दगडानं पाडलेल्या भोकातून वाळू सगळ्या रस्त्यावर रांगोळीसारखी पडली होती आणि गाडी हळूहळू वर येत दाराशी पुन्हा पहिल्यासारखी वाकून उभी राहिली.

“सैल वाळू कशी ऱ्हाईल?” कोंडाजी म्हणाला. “गोनीत भरून, तोंड शिवून टाकाया पायजे. मी आनतो उद्या पाटंला. तुमी निवांत ऱ्हावा.”

कोंडाजी मनानं निर्मळ होता, पण आळशी होता. नदीवर जायचं, वाळू खणायची, गोण्या भरायच्या, शिवायच्या, हे सगळं त्यानं घरी जाता जाता मनात करून पाहिलं आणि तो दमला. आणि मग त्याला आठवलं की आपल्या हिरूला खालापुरातच दिलीय आणि तिला धाडायच्या तांदळाच्या गोण्या माजघरात भरून, शिवून तयार आहेत. वजन ते वजन. बाबूंची गाडी सरळ राहील, हिरूचा तांदूळ पोचेल. कोणाचं काही वाईट होत नव्हतं. बाबूंना सांगून उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला, एवढंच त्यानं जास्तीचं ठरवलं.

तर अशा रीतीनं, आपल्या गाडीत तांदूळ आहे असं कोणाला वाटू नये म्हणून ज्या माणसानं एवढी यातायात केली, त्याच्या गाडीत साखरपुड्याच्या सकाळी तांदूळ भरला गेला. आणि पार्सल नुसतं बघून वजन सांगणाऱ्या कमळाकरांनी त्या गोण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. कोटाला इस्त्री करून ते बाहेर आले, टपावर परात ठेवली, पाण्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. गाडी ओळंब्यात होती.

मागे पारूबाई, चंद्राबाई आणि सोमी बसल्या. पुढे कोंडाजी बसला, कारण लेकीकडे जायला गाडी मिळते तर का सोडा. निघण्यापूर्वी पारूबाईंनी सतरंजी घ्यायला डिकीत हात घातला होता. त्यांचं सगळं आयुष्य भात कांडण्यात गेलेलं. हाताला काय लागलं ते त्यांना लगेच कळलं. त्यांनी कोंडाजीकडे पाहिलं, कोंडाजीनं आभाळाकडे पाहिलं. आता काही बोललं तर पुन्हा स्टूल, पुन्हा पाट, पुन्हा पळसदरी, असा विचार करून पारूबाई गप्प राहिल्या. कवळी त्यांनी आधीच कनवटीला बांधली होती.

नाका आला. रोकडे स्वतः बाहेर उभे होते. नवा शर्ट, दाढी केलेली. मागं त्यांच्या खात्यातली मंडळी साखरपुड्याला निघायच्या तयारीत. शिपायाचा हात सवयीनं बांबूकडे गेला, पण त्यानं गाडीचं बूड पाहिलं आणि तो थबकला. रोकडे खाली वाकले. बाजूनं पाहिलं, मागून पाहिलं. मग उठून, गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, “जय भीम ओव्हाळसाहेब. गाडी सरळ झाली. सोड रे बांबू. या गाडीची डिकी उघडायची नाही.”

सगळं इथं संपत होतं. क्लच सोडायचा आणि पुढं जायचं, एवढंच काम उरलं होतं. सोमी मागे हसतही होती. पण कमळाकरांना इतक्या महिन्यांचे सगळे ‘आज’ एकदम आठवले. चारचौघांत उचललेली सतरंजी आठवली. त्यांनी इंजिन बंद केलं आणि ते खाली उतरले.

“नाही रोकडेसाहेब. उघडा.”

“अहो, गरज नाही.”

“गरज मला आहे. आजवर तुम्ही म्हणाल तेव्हा मी उघडली. आज मी म्हणतो म्हणून तुम्ही उघडा. आत वाळू आहे, गाडी तोलायला. ती बघा, आणि या सगळ्यांसमोर एकदाच सांगा की ओव्हाळांच्या गाडीत कधी काही नव्हतं.”

“बाबू,” कोंडाजी आतून म्हणाला, “मुहूर्त टळंल.”

“आपल्यात मुहूर्त नसतो, कोंडाजी.”

“कमळ्या,” पारूबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे रं. बंद हाय ते बरं हाय.”

“आई, तू मधे पडू नकोस.” आणि कमळाकरांनी स्वतः डिकी उघडली, शिपायाच्या कमरेचा चाकू मागून घेतला आणि पहिल्या गोणीचं तोंड स्वतःच्या हातानं उसवलं.

तांदूळ चांगला होता. पांढराशुभ्र, लांब दाण्याचा, त्याचा वास त्या उन्हातही दरवळला. खात्यातली मंडळी पुढं सरकली. कमळाकरांनी मूठभर दाणे हातात घेतले आणि वाळू अशी का दिसते आहे, याचा ते खरोखर विचार करू लागले. मागे सोमीनं चेहरा पदरात झाकला.

“माजा हाय त्यो,” कोंडाजी दार उघडून उतरला. “बाबूंना ठावंच न्हाय. लेकीला धाडायचा हुता, हितंच, खालापुरात. मी म्हनलं वजनाला वजन.”

रोकड्यांचा चेहरा बघून कोणालाही वाईट वाटलं असतं. “गोण्या उतरवा,” एवढंच त्यांनी सांगितलं.

शिपायानं पहिली गोणी उतरवली. गाडी कुरकुरली आणि जरा वर आली. दुसरी उतरवली, आणखी वर आली. शेवटची उतरली तेव्हा गाडीचं बूड सगळ्या नाक्यासमोर आभाळाला लागलं आणि आतल्या तिघीजणी घसरत पुढच्या सीटच्या पाठीला येऊन थडकल्या.

रोकडे त्या बुडाकडे पाहतच राहिले. भरलेली होती तेव्हा सरळ. रिकामी झाली तर वर. त्यांनी दोनदा खाली वाकून पाहिलं.

“हे कोणी करून दिलं?”

“मालोजीनं. कुंभिवलीच्या.”

“काय म्हणाला तो?”

“म्हणाला, भरली की बसेल. गाडी रिकामी कोण चालवतं, म्हणाला.”

रोकडे नाक्याच्या बाकड्यावर बसले. तेवढ्यात कुंभिवलीकडून एक चकचकीत गाडी आली. ओळंब्यात, रेषेत, रोकड्यांच्या सिद्धांताप्रमाणे अगदी निष्पाप. शिपायानं सवयीनं बांबू वर केला. गाडी हळू झाली, काच खाली आली आणि पांढऱ्या सफारीतल्या माणसानं काळा चष्मा काढून कमळाकरांकडे कौतुकानं पाहिलं.

“वा साहेब. साखरपुड्याचा माल उतरवूनसुद्धा झाला?”

“बांबू खाली घे,” रोकडे बसल्या जागेवरून म्हणाले.

त्या गाडीची डिकी उघडली, मागची सीट उचलली, दारांच्या आतली रेक्झिनं काढली. जिथं हात घालावा तिथं तांदूळ. मागून आलेल्या दुसऱ्या सरळ गाडीत तांदूळ. त्यामागे एक जुनाट, बूड टेकलेली गाडी आली, तिच्यात एक म्हातारा आणि त्याचा दमा. रोकड्यांनी टोपी काढली.

“किती वर्षं झाली रे मला या नाक्यावर?” त्यांनी शिपायाला विचारलं.

शिपाई जुना होता आणि समजूतदार होता. “साहेब, चहा सांगू का?” तो म्हणाला.

कमळाकरांनी हा दिवस किती वेळा मनात रंगवला होता. रोकडे असे खाली मान घालून बसलेत आणि आपण ताठ उभे आहोत. आता ते खरंच तसे बसले होते आणि कमळाकरांना मुळीच बरं वाटत नव्हतं. प्रामाणिक माणसाला सगळ्यांसमोर कसं वाटतं, ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ते जाऊन बाकड्यावर शेजारी बसले.

“तुमची काही चूक नाही,” ते म्हणाले. “पाटे बदलताना मीसुद्धा दिसायला सरळ एवढंच मागितलं होतं.”

रोकड्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, “व्याही, तुम्ही आजींना घेऊन पुढं व्हा. मला जरा उशीर होईल.”

‘व्याही’ हा शब्द गाडीत सगळ्यांनी ऐकला. कमळाकरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला म्हणून त्यांनी स्टेपनीवरची धूळ झटकली. पारूबाईंनी कनवटीची कवळी काढून तोंडात बसवली, कारण आता हसायचं होतं.

साखरपुडा संध्याकाळवर गेला. वंदना झाली, सगळे बसले, पण मुलाचे वडील येईनात, कारण ते नाक्यावर एकामागून एक सरळ गाड्या उघडत होते. शेवटी चंदर जाऊन त्यांना घेऊन आला. कोंडाजीचा तांदूळ, तलाठ्याचा दाखला आणा आणि घेऊन जा, या अटीवर नाक्यात राहिला. कोंडाजी तलाठ्याकडे पावसाळाभर हेलपाटे घालत होता. दाखला मिळाला तेव्हा गोण्या होत्या, आत उंदरांनी फारसं काही ठेवलं नव्हतं. रोकड्यांना खात्यानं शाबासकी दिली. मालोजी जत्रेहून परतला तो एकदम मवाळ होऊन. त्यानं शब्दही न काढता कमळाकरांचे जादा पाटे काढले, कमान उतरवली, आणि गाडी रिकामीसुद्धा ओळंब्यात उभी राहू लागली. परातीतल्या पाण्याचा थेंब सांडेना.

लग्नानंतर पहिल्यांदाच सोमीला भेटायला म्हणून कमळाकर पारूबाईंना घेऊन निघाले. गाडी सरळ, मन सरळ, कोट इस्त्रीचा. नाका दिसला आणि शिपायानं लांबूनच बांबू आडवा केला.

रोकडे उठून आले. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा होता, पण ते आले.

“व्याही, रागावू नका. आता नियमच केलाय. सरळ गाडी उघडल्याशिवाय सोडायची नाही. आपलं म्हणून सोडली, असं होता कामा नये.”

डिकी उघडली. स्टेपनी, छत्री, सतरंजी. रोकड्यांनी सतरंजीचं टोक उचलून पाहिलं, नीट ठेवलं आणि पाठ वळवता वळवता म्हणाले, “आज काही नाही.”

कमळाकरांनी डिकी लावली, खालापूरला जाऊन सोमीच्या हातचा चहा घेतला आणि परतताना कुंभिवलीला गाडी थांबवून मालोजीला सांगितलं की आणखी एक पाटा काढून टाक, थोडी मागून बसली तरी चालेल.